‘शी, जंतू!’ म्हणण्याआधी

“शी, टाक ते! जंतू असतात त्यात!” आपल्या घराघरांतलं हे वाक्य. ऑफिसातून येऊन कुकर लावावा, तर समोर चिरंजीव खाली पडलेलं बिस्कीट तोंडात घालताहेत. आवाज चढतोच.

पण मुलाला त्यातून काय कळतं? आईबाबाही ज्याला घाबरतात असं काहीतरी आहे, ते दिसत नाही आणि सगळीकडे असतं. चार-पाच वर्षांच्या जिवाला हे भुताहून वेगळं नाही. मग काही मुलं मातीत हात घालायला कचरतात, मित्राच्या डब्यातलं खात नाहीत. करोनात ही भीती आपणच घोटून घेतली. तेव्हा इलाजही नव्हता.

आता उरलेली गोष्टही सांगायला हवी. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा २०१६ सालचा एक अंदाज आहे. म्हणजे जवळपास आपल्या स्वतःच्या पेशींइतके! मला सगळ्यात नवल वाटतं ते आईच्या दुधाचं. त्यात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियांचं खाणं असतात. रात्री दोन वाजता पेंगत दूध पाजताना आपण एवढी मोठी पंगत वाढत होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि वरचं दूध द्यावं लागलं असेल, तर मनाला लावून घेऊ नका. ही वस्ती पुढेही दोन-तीन वर्षं भरत असते, वरणभातातून, माणसांतून, अंगणातून.

संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचेच, त्यात सूट नाही. पण बागेत खेळून मळलेल्या पोराला दारातच ओरडायची गरज नसते.

आणखी एक. सर्दी झाली की आपण डॉक्टरांना गळ घालतो, “काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या शाळा आहे.” खरं तर आपल्याला रजा नसते. सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिकचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. मार बसतो तो पोटातल्या बिचाऱ्या जिवाणूंना, आणि मग जुलाब सुरू. “याला अँटिबायोटिक खरंच लागेल का?” एवढं विचारून बघा. लागेल म्हणाले, तर सांगितलं तसं द्या. फक्त थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला नको.

मुलाची भीती घालवायला विरजण लावायचं काम त्याच्याकडे द्या. कोमट दुधात चमचाभर दही त्याला घालू दे. त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्यानेच दूध घट्ट होतं, हे सांगा. “म्हणजे आपण जंतू खातो?” हा प्रश्न येणारच. हो म्हणा. आणि थंडीत भांडं कणकेच्या डब्यात ठेवा, नाहीतर सकाळी दही लागलेलं नसेल आणि तो हिरमुसेल.