गंजलेले बोल्ट आणि तीन सुताचा बार

प्रश्न : पंचगंगेच्या पुरात भिजलेल्या मोटरसायकलचे बोल्ट गंजून जाम झालेत. तीन सुताचा ब्रेकर बार घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 10 मिमीपर्यंतच्या बोल्टांसाठी जरूर घ्या; चाकाच्या एक्सलच्या नटाला मात्र अर्ध्या इंचाचाच हवा. लांबी फूटभर पुरे. तेवढ्या दांडीच्या टोकाला 20 किलो जोर लावला की सुमारे 6 किलो-मीटर पीळ बसतो, आणि 8 मिमीचा बोल्ट आवळतात जेमतेम अडीचला! म्हणून दांडीला पाइप जोडू नका, बोल्टच तुटेल. गोटी सहाकोनीच घ्या. बाराकोनी गोटी गंजलेली डोकी गोल करते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी आधी किंचित आवळा, मग उलटं फिरवा. रॅचेटवर मात्र हा जोर काढू नका, दाते जातात.