घटसर्पाची लस पावसाआधी, प्रतिजैविक डॉक्टरांच्या हातून

महाराष्ट्रात ज्याला घटसर्प म्हणतात, त्यालाच झाशीच्या बडा बाजारात औषध मागायला आलेला बुंदेली पशुपालक 'गलघोंटू' म्हणतो. फऱ्याला तो 'लंगड़िया' म्हणतो आणि कासदाहाला 'थनैला'. दुकानात काय मागायचे हे त्याला ठाऊक असते. ते इंजेक्शन या आजारावर, या घडीला चालेल का, हे मात्र दुकानाच्या फळीवरून ठरत नाही.

घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू काही निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशातच दडलेला असतो. उन्हाळाभर सुक्या चाऱ्यावर काढलेले, अशक्त झालेले जनावर पहिल्या पावसात भिजले की तो उसळतो. गायीपेक्षा म्हशीला त्याचा धोका जास्त. ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, लाळ गळते, गळ्याखाली गरम, दुखरी सूज येते आणि श्वास घरघरतो. पुष्कळदा चोवीस तासांच्या आत सारे संपते.

या आजारावर प्रतिजैविके आहेत आणि ती गुणकारीही आहेत. सल्फाडिमिडीन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन यांतले कोणते आणि किती, हे डॉक्टर जनावराचे वजन व अवस्था पाहून ठरवतात. पण औषध पोचायला हवे ते ताप चढत असताना. सूज गळ्यापर्यंत येऊन श्वास कोंडला की उत्तम औषधही बहुधा हरते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर कळपातले एक जनावर जरी दगावले, तरी बाकीच्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजावा. थर्मामीटर स्वस्त आहे, म्हैस नाही.

खरा उपाय लसीचाच. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. झाशीला मान्सून कोकणापेक्षा दोनेक आठवडे उशिरा, जूनच्या अखेरीकडे पोचतो. हा वाढीव वेळ वाया घालवू नये. घटसर्पाबरोबरच फऱ्याचीही लस टोचून घ्यावी, कारण फऱ्या सहा महिने ते दोन वर्षांची धष्टपुष्ट वासरेच आधी उचलतो. लस बर्फाच्या डब्यातूनच आणावी. बुंदेलखंडात अन्ना प्रथेने जनावरे मोकळी सोडतात. ती सगळी एकाच पाणवठ्यावर येतात, तेव्हा आपल्या दावणीची दोन जनावरे टोचून भागत नाही. गावानेच लसीकरणाचा दिवस ठरवावा.

लाळ्या खुरकूत आणि लम्पी यांची गोष्ट वेगळी. दोन्ही विषाणूंचे आजार, आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. खुरांच्या किंवा गाठींच्या जखमांत जिवाणू शिरले, तर डॉक्टर ते देतात, एवढाच त्याचा उपयोग. ताप दिसला की टोच इंजेक्शन, या सवयीने पैसा जातो आणि जिवाणू त्या औषधाला सरावतात. उद्या घटसर्प आला की तेच औषध निकामी ठरते. अर्धवट मात्रा आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेला उपचार यांनीही हेच घडते.

भारत सरकारने २०१९ मध्ये अन्न देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली ती याच काळजीने. माणसाच्या अतिदक्षता विभागात जे औषध शेवटचा आधार असते, ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. जनावराला दिलेले औषध किती दूर पोचते, हे झाशीकराला शेजारच्या ओरछ्यात दिसते. तिथल्या छत्र्यांवर गिधाडे घरटी करतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन देशभर गिधाडे मेली, तेव्हा २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करावा लागला.

कासदाहात तर औषध थेट सडात सोडले जाते आणि दुधात उतरते. असे दूध डेअरीत घालू नये, घरच्या मुलांनाही देऊ नये. उकळल्याने औषधाचा अंश खात्रीने जात नाही. विरजण लागत नसेल, तर हेही एक कारण असू शकते. दूध किती दिवस बाजूला ठेवायचे, ते बाटलीवर छापलेले असते. तशी ठरलेली मुदत नसेल, तर नियमाने दुधासाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी २८ दिवस थांबावे लागते. नुकसान टाळायचे तर धार काढण्यापूर्वी पहिल्या चार धारा काळ्या कापडावर घ्याव्यात. गुठळ्या दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अचानक मेलेले जनावर फाडू नये, कातडे काढू नये. काळपुळी असेल तर माणसालाही लागण होते. चुना टाकून खोल पुरावे.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रातही चालतो. बाजारातून इंजेक्शन घेण्याआधी तो फिरवा, आणि लस टोचायची राहिली असेल तर या आठवड्यातच टोचून घ्या.