काहीच वाटेनासे झाले तर

वर्षानुवर्षे आजाऱ्याची शुश्रूषा केलेली माणसे, विशेषतः घरातल्या सुना आणि मुली, माझ्याकडे एक विलक्षण तक्रार घेऊन येतात: सासूबाई गेल्या, तेराव्यापर्यंतचे सारे यथासांग पार पडले, पण डोळ्यांतून टिपूस आले नाही, आणि भावकीत कुणी "दगडाच्या काळजाची आहे" असे म्हणून गेले, ते आता स्वतःलाच खरे वाटू लागले आहे. अशा प्रत्येकीस मी प्रथम हेच सांगतो, की ही निष्ठुरता नव्हे. ज्या संकटाशी झुंजता येत नाही आणि ज्यातून पळही काढता येत नाही, त्यात दीर्घकाळ राहावे लागले, म्हणजे औषधांच्या वेळा, अंथरुणे आणि जागरणे एवढाच कारभार चालू ठेवून मज्जासंस्था भावनांचे कामकाज तहकूब करते. आणि दुर्दैवाने या तहकुबीत दुःखाबरोबर आनंदही अडकून पडतो.

म्हणून "एकदा रडून मोकळी हो" असा तगादा कृपा करून कुणी लावू नये. "तुला काय वाटते?" या प्रश्नापुढे जी मूक होते, तिला "हात गार आहेत की ऊन?" याचे उत्तर देता येते, आणि शरीरांतर्गत संवेदनांची दखल घेणाऱ्या मेंदूतील इन्सुला या भागाचा भावनांच्या जाणिवेतही वाटा असल्यामुळे, ही वाट दिसते तितकी आडवळणाची नाही. सकाळचा चहा ओट्याशी उभ्याने न घेता, बसून, कपाची ऊब तळव्यांना लागू देत प्यावा. छातीत काही दाटून आले तर क्षणभर तेथेच थांबावे, आणि असह्य झाल्यास पाय जमिनीवर टेकवून, खोलीतल्या वस्तू न्याहाळत, निःसंकोच माघारी यावे. कित्येकींना प्रथम येतो तो रागच. त्याला भिऊ नये.

तथापि थायरॉईडची न्यूनता, नैराश्य, किंबहुना नैराश्यावरील काही गोळ्यादेखील असाच बधिरपणा आणू शकतात. गोळ्यांचा संशय आल्यास त्या परस्पर बंद न करता, देणाऱ्या डॉक्टरांनाच सांगावे. कशातच रस न वाटणे दोन आठवडे टिकले, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. जगणेच नको असा विचार आल्यास मात्र त्याच घटकेस घरातल्या कुणाला तरी सांगून रुग्णालय गाठावे, किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ती विनामूल्य आणि अहोरात्र चालू असते, आणि तेथे मराठीतून बोलता येते.