मध्यम व्यासाची दोन काडतुसे : निवड कशी करावी?

पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर काला अंब हे स्थान आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात झालेल्या संग्रामाचे स्मारक म्हणून तेथे एक स्तंभ उभा आहे. रणात सांडलेल्या रक्ताने तेथील आम्रवृक्ष काळवंडला, अशी आख्यायिका सांगतात. आज त्या भूमीभोवती शेते पसरलेली आहेत. डोंगर नाही, टेकडी नाही. दृष्टी पोहोचेल तेथवर जमीन सपाट आहे.

अशा प्रदेशात नीलगाय हा पिकांचा मोठा शत्रू ठरतो. विदर्भातील शेतकरी ज्याला रोही म्हणतात, तोच हा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोग्रॅमच्या वर जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद झाली; तथापि उभ्या पिकास किंवा मनुष्याच्या जीवितास धोका उत्पन्न झाल्यास, अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने विशिष्ट प्राणी मारण्याची तरतूद त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात आहे. अशी परवानगी हाती आल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो : रायफलीचे काडतूस कोणते असावे? भारतात ही निवड बहुधा दोन मापांत होते. एक ०.३१५ इंचाचे, दुसरे ०.३०-०६ या नावाचे. या दोहोंतील भेद काय आणि त्या भेदाचे महत्त्व किती, हे येथे पाहावयाचे आहे.

दोन काडतुसांचा पूर्वेतिहास

ब्रिटिश अमदानीत सरकारला एक भीती सतत वाटत असे. लष्करी मापाच्या बंदुका प्रजेच्या हाती गेल्या, तर चोरलेली लष्करी काडतुसे त्यांत चालतील. म्हणून ०.३०३ इंचाचे सैनिकी माप सामान्य परवानेधारकास वर्ज्य ठरले. १९०७ च्या सुमारास ०.४५० इंच मापाच्या बंदुकांवरही असेच निर्बंध आले. अशा स्थितीत शिकाऱ्यांना निराळ्या मापाची गरज भासली. ती ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील ८ मिलिमीटर मानलिकर काडतुसाने भागवली. हेच भारतात ०.३१५ म्हणून ओळखले जाते. त्याची निर्धूम दारूची आवृत्ती १८९० च्या सुमाराची आहे. या मापाच्या रायफली ईशापूरच्या कारखान्यात तयार झाल्या. काडतुसांच्या बुडावर आढळणारी के. एफ. ही अक्षरे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण होत.

दुसरे काडतूस अमेरिकेच्या सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारले. नावातील ०.३० हा आकडा नळीचे माप इंचांत सांगतो आणि ०६ हा आकडा वर्ष सांगतो. दोन्ही काडतुसांचा जन्म अशा रीतीने सैन्यात झाला; परंतु त्यांच्या दरम्यान गेलेल्या सोळा वर्षांत दारू अधिक समर्थ झाली आणि गोळीचे नाक गोलाकार न राहता टोकदार झाले. दोहोंच्या स्वभावातील भेदाचे मूळ येथेच आहे.

वजन आणि वेग

०.३१५ च्या मूळ लष्करी काडतुसातील गोळी सुमारे १५.८ ग्रॅम वजनाची असून ती नळीतून सेकंदास सुमारे ६२० मीटर वेगाने बाहेर पडे. ०.३०-०६ च्या शिकारी काडतुसात ११.७ ग्रॅमची गोळी पुष्कळदा वापरतात. तिचा वेग सेकंदास सुमारे ८२० मीटर असतो. पहिली जड व मंद, दुसरी हलकी व वेगवान.

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे अर्ध. या हिशेबाने पहिल्या गोळीची ऊर्जा सुमारे ३,०४० जूल आणि दुसरीची सुमारे ३,९३० जूल येते. दुसरी जवळजवळ तीस टक्क्यांनी वरचढ दिसते. परंतु संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढला तर आकडे अनुक्रमे ९.८ आणि ९.६ येतात; म्हणजे दोघी बरोबरीच्या ठरतात. कारण ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, संवेगात तो साधा येतो. केवळ ऊर्जेचा आकडा पाहून काडतुसाची थोरवी ठरविणे म्हणूनच फसवे असते.

तिसरे परिमाण म्हणजे गोळीच्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे येणारे वजन. हे पहिल्या गोळीत सुमारे ३० ग्रॅम, तर दुसरीत सुमारे २४ ग्रॅम आहे. हे वजन जितके अधिक, तितकी गोळी मांस व अस्थी भेदून खोल जाण्यास अनुकूल. काला अंबच्या रणांगणाशी तुलना केल्यास या परिमाणाचे मर्म अधिक स्पष्ट होईल. इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाच्या काळातील बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी शिशाचा गोल असे. १७ मिलिमीटर व्यासाचा असा गोल घेतला, तर त्याचे वजन सुमारे २९ ग्रॅम भरते, म्हणजे दोन्ही आधुनिक गोळ्यांहून पुष्कळ अधिक. तरी छेदाच्या चौरस सेंटिमीटरमागे त्याचे वजन केवळ १३ ग्रॅम येते. म्हणून हवेचा विरोध त्यास झपाट्याने मंद करी, आणि शंभर मीटरच्या पलीकडे नेम धरणे व्यर्थ ठरे. लांबट गोळी आणि तिला स्वतःभोवती फिरविणारे नळीतील आटे यांनी ही मर्यादा दूर केली. मात्र त्याबरोबर एक नवा धोकाही आला. त्याचा विचार पुढे केला आहे.

मार्गाची वक्रता

नळीतून सुटताच गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली पडू लागते. हवेचा विरोध क्षणभर वगळला, तर शंभर मीटर जाईतो ०.३०-०६ ची गोळी सुमारे ७ सेंटिमीटर आणि ०.३१५ ची सुमारे १३ सेंटिमीटर खाली येते. दोनशे मीटरवर हेच आकडे सुमारे २९ आणि ५१ होतात. प्रत्यक्षात हवेमुळे दोन्ही आकडे वाढतात, आणि गोल नाकाच्या मंद गोळीचे अधिक वाढतात.

शंभर मीटरवरील सहा सेंटिमीटरांचा भेद नगण्य होय. दोनशे मीटरवरील बावीस सेंटिमीटरांचा भेद मात्र निर्णायक ठरतो. कारण नीलगायीच्या हृदय व फुप्फुसांचे लक्ष्य त्याहून फारसे मोठे नसते. अंतराचा अंदाज चुकला तर गोळी पोटात किंवा पायात लागते, आणि घायाळ जनावर पिकातून निसटून दिवसेंदिवस यातना भोगते. तेव्हा लांबून नेम धरावा लागत असेल तर ०.३०-०६ श्रेष्ठ, शंभर मीटरांच्या आत दोन्ही समर्थ. पिकाच्या राखणीत अंतर बहुधा शंभर मीटरांच्या आतच ठेवता येते.

गोळी कोठे थांबते?

आतापर्यंतचा विचार प्राण्यापर्यंतचा झाला. परंतु काला अंबसारख्या भूमीवर खरा प्रश्न प्राण्याच्या पलीकडचा आहे. नेम चुकला, किंवा गोळी शरीर भेदून गेली, तर ती कोठे थांबेल?

सह्याद्रीच्या उतारावर मागे डोंगराची भिंत असते. पानिपतच्या मैदानी सपाटीवर ती नाही. दीड मीटर उंचीवरून अगदी आडवी सोडलेली ०.३०-०६ ची गोळी चारशे मीटरांहून अधिक अंतरावर जमिनीस लागते आणि तेथून उसळी घेऊ शकते. नळी थोडी वर झाली, तर ती तीन किलोमीटरांच्याही पलीकडे जाते. ०.३१५ ची गोळी त्या मानाने लवकर मंदावते. पण एखादी वस्ती गाठण्याइतका पल्ला तिलाही आहे. गारद्याच्या बंदुकीचा गोल काही शे मीटरांत निर्बल होई; आधुनिक गोळीस ही मर्यादा उरलेली नाही.

यावर उपाय काडतुसात नसून भूमितीत आहे. शेतातील माळ्यावर बंदूकधाऱ्याचा डोळा जमिनीपासून साडेचार मीटर उंच असावा आणि प्राणी पन्नास मीटरवर असावा. छातीची उंची एक मीटर धरली, तर नेमाची रेषा पन्नास मीटरांत साडेतीन मीटर उतरते. आणि गोळी आरपार गेली तरी प्राण्यामागे सुमारे पंधरा मीटरवर मातीत शिरते. नांगरलेली मऊ जमीन असल्यास उसळीची भीतीही कमी होते. उघड्या शिशाचे मऊ नाक असलेली गोळी शरीरात फुलते व आपली ऊर्जा तेथेच खर्च करते. संपूर्ण धातुवेष्टित गोळी आरपार जाण्याची शक्यता अधिक असते. म्हणून दोन्ही मापांत मऊ नाकाचीच गोळी पत्करावी.

सारांश

लांब पल्ल्यासाठी ०.३०-०६ अधिक समर्थ आहे, हे गणिताने सिद्ध होते. परंतु सपाट आणि दाट वस्तीच्या प्रदेशात लांब पल्ला हा गुण न राहता दोष होतो. तेथे माळ्यावरून, शंभर मीटरांच्या आत, ०.३१५ ची जड व मंद गोळी आपले कार्य पूर्ण करते आणि पलीकडच्या गावास धोका कमी पोहोचविते. ज्याच्याकडे ०.३०-०६ असेल, त्याने तीच रायफल याच नियमाने वापरावी. जेथे प्राण्यामागे माती दिसत नाही, तेथे दोहोंपैकी कोणतेही काडतूस योग्य नव्हे. तेथे कुंपण, राखण आणि धीर हीच साधने उरतात.