ध्वनियंत्राच्या फ्यूजची निवड

एकाच घडणीची दोन वजने सारखीच भरतील असे कोणताही व्यापारी गृहीत धरीत नाही. त्यांवरील अंक वाचूनच तो माप घालतो. घरातील अॅम्प्लिफायरचा फ्यूज बदलतानाही हीच दृष्टी हवी.

प्रथम प्लग काढावा. मग जळालेल्या फ्यूजच्या धातूच्या टोपणावरील व यंत्राच्या पाठीवरील अक्षरे ताडून पाहावीत. समजा, तेथे ‘टी २ ए एल २५० व्ही’ असे आहे. ‘टी’ म्हणजे मंदगती. यंत्र सुरू होताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर अनेक पट प्रवाह ओढतो. तो मंदगती फ्यूज सोसतो, ‘एफ’ म्हणजे शीघ्रगती फ्यूज विनाकारण जळतो. ‘२ ए’ हा २ अँपिअर प्रवाह. तो तोच असावा. २५० व्होल्ट ही दाबाची मर्यादा; ती अधिक चालेल, कमी चालणार नाही. ‘एल’ म्हणजे प्रवाह तोडण्याची शक्ती अल्प. असे फ्यूज बहुधा काचेचे असतात. ‘एच’ लिहिले असेल तेथे १५०० अँपिअर तोडणारा, सामान्यतः चिनीमातीचा फ्यूजच घालावा. लांबी-जाडीही तीच हवी. २० व ५ मिलिमीटर हे माप सर्वत्र आढळते.

नवा फ्यूजही लगेच जळाला, तर दोष यंत्रात आहे असे समजावे. अशा वेळी अधिक अँपिअरचा फ्यूज वा तांब्याची तार घालणे म्हणजे आगीस निमंत्रण होय. यंत्र जाणत्या कारागिराकडेच द्यावे. अल्प मोलाचा फ्यूज जळतो, तो घर वाचावे म्हणूनच.