अशक्त पिल्लाला आधी ऊब, मग दूध

कोल्हापुरात दुधाला तोटा नाही. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध डोळ्यांदेखत पिळून मिळतं. त्यामुळे माळ्यावर व्यालेल्या मांजरीचं एखादं पिल्लू किडमिडीत दिसलं, की घरातल्यांचा हात आधी दुधाच्या पातेल्याकडे जातो. त्यामागे माया असते, पण हेच दूध आणि हीच घाई अशा पिल्लाच्या जिवावर बेतते. म्हणून काय करायचं ते क्रमाने सांगतो.

वजन करा

सुदृढ पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं असतं. ८० ग्रॅमच्या खाली असेल तर त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा एक-एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालतो. वाटीत मऊ फडकं घालून काटा शून्यावर आणा, पिल्लू ठेवा आणि आकडा वहीत लिहा. रोज ठरावीक वेळी वजन करा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ चांगली, आणि दोन आठवड्यांत वजन दुप्पट व्हायला हवं. पिल्लू नुसतं आचळाला लागलेलं दिसतं म्हणजे त्याच्या पोटात दूध जातंच असं नाही. ते काटाच सांगतो.

ऊब द्या

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती ओलावतात, फरशी गार पडते, तेव्हा लहान पिल्लू लवकर गारठतं. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडात घालून पाहा. आत गार लागलं तर दूध पाजू नका. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की आतडी जवळपास थांबतात, दूध न पचता पोटात नासतं. आधी पिल्लाला छातीशी कपड्याखाली धरून हळूहळू ऊब द्या. मग खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची पिशवी गोधडीत गुंडाळून ठेवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येईल. केस वाळवायचा ड्रायर किंवा जवळ टांगलेला बल्ब नको, त्याने कातडी भाजते.

आईजवळ न्या

पहिल्या दिवसाच्या चिकाचं मोल खरवस खाणाऱ्या कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यांतून रक्तात जातात ती मुख्यतः पहिल्या सोळा-अठरा तासांत. तेवढ्या वेळात ते आईला लागलंच पाहिजे.

धष्टपुष्ट भावंडं लहानग्याला ढकलून देतात. त्यांना पंधरा-वीस मिनिटं उबदार टोपलीत बाजूला ठेवा आणि याला एकट्याला पिऊ द्या. मागच्या बाजूच्या आचळांना बहुधा जास्त दूध असतं, तिथे लावा. आचळ हलकेच दाबून दुधाचा थेंब त्याच्या ओठांवर येऊ द्या आणि त्याने घट्ट पकड घेईपर्यंत तळहाताचा आधार द्या. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही भीती घरच्या मांजरीबाबत बाळगू नका. मात्र गर्दी आणि गोंगाट नको, नाहीतर ती पिल्लांना उचलून दुसरीकडे नेईल.

तिलाही भरपूर खायला हवं. उकडलेलं चिकन, अंडं, तिचं नेहमीचं खाणं दिवसातून चार-पाच वेळा द्या, पाणी जवळच ठेवा. रश्श्यातलं मटण देऊ नका, कांदा-लसूण मांजरांना विषारी असतो. तिचं एखादं आचळ लाल, गरम, टणक झालं असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

वरचं दूध

एवढं करूनही वजन वाढत नसेल तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. पेट शॉपमध्ये ती मिळते. मांजरीच्या दुधात गाई-म्हशीच्या दुधाच्या जवळपास दुप्पट प्रथिनं असतात, शिवाय मांजरांना अत्यावश्यक असलेलं टॉरिनही असतं. म्हशीच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी काही तासांत आटतं. त्यात पाणी घातलं तर होतं ते पोषणही कमी होतं.

पावडर डब्यावरच्या प्रमाणातच कालवा. दूध अंगाइतकं कोमट हवं. १०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात सुमारे २० मिली लागतं, पण एका वेळी ३ ते ४ मिलीपेक्षा जास्त नको. वजन कमी असेल तर त्याच हिशेबाने कमी. ते आईला थोडंफार पीत असेल तर वरचं दूध त्या मानाने घटवा. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही पाजा.

पिल्लाला पालथंच ठेवा, आईजवळ पिताना असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने तोंडाच्या कडेला एकेक थेंब सोडा, त्याने गिळल्यावरच पुढचा. ते चोखतच नसेल तर जबरदस्ती नको. अशा वेळी नळीने पाजावं लागतं, ते काम डॉक्टरांचं.

आई चाटत नसेल तर दर पाजणीनंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा अलगद चोळा. पहिले तीन आठवडे पिल्लाला हे आपलं आपण करता येत नाही.

वाट पाहू नका

चोवीस तासांत वजन वाढलं नाही किंवा घटलं, पिल्लू सतत रडतंय, लुळं पडलंय, हिरड्या पांढुरक्या आहेत, तोंड उघडून श्वास घेतंय, नाकातून दूध येतंय, यातलं काहीही दिसलं तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे उबदार गुंडाळून न्या. टाळूला चीर आहे का, पिसवांनी रक्त शोषलंय का, हे तिथे तपासता येतं. घरी पिसवांची पावडर टाकू नका.

काही पिल्लं जन्मतःच आतून अधू असतात, सगळं नीट करूनही वाचत नाहीत. त्याचा दोष स्वतःला लावू नका. पण नुसत्या गारठ्याने आणि भुकेने जाणारी पिल्लं वाचवणं पुष्कळदा आपल्या हातात असतं. डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही सोबत घ्या. पिल्लाची तब्येत कधीपासून ढासळली हे त्यातून लगेच कळतं आणि उपचाराचा वेळ वाचतो.