प्लास्टरमधील पाय आणि कॉलेजांतील सहा आठवडे

शाळेंत शरीरशास्त्राच्या तासाला सांगाड्याचें चित्र भिंतीवर टांगलें जात असे. परंतु घोट्याच्या बाहेरील बाजूस जें लहानसें हाडाचें टोक दिसतें, त्याकडे मीं कधीं लक्षपूर्वक पाहिल्याचें आठवत नाहीं. गेल्या जुलै महिन्यांत सिंहगड उतरतांना ओल्या दगडावरून पाय सरकला, आणि त्या टोकाची व माझी चांगलीच ओळख झाली. पुण्यास कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी त्या वेळीं नुकताच दाखल झालों होतों. डॉक्टरांनीं क्ष-किरणांचें छायाचित्र पाहिलें, हाड मोडलें असलें तरी जागचें हललेलें नाहीं असें सांगितलें, गुडघ्याखालीं प्लास्टर घातलें आणि सहा आठवडे त्या पायावर भार देऊं नये अशी ताकीद दिली. त्याच संध्याकाळीं आईचा फोन आला. “बाळा, एक वर्ष गेलें तरी चालेल, पण तूं घरीं निघून ये.” वर्ष गमवावयाचें कीं पाय सांभाळून तें साधावयाचें, हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला. मी राहिलों. त्या दिवसांत जें कांहीं शिकलों, तें आपल्या शाळेंतील विद्यार्थिबंधुभगिनींसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें लिहीत आहें.

प्रथम प्लास्टर म्हणजे काय, तें पाहूं. जिप्सम नांवाचें खनिज सुमारें १५० अंश सेल्सियसपर्यंत तापविलें म्हणजे त्यांतील पाण्याचा तीनचतुर्थांश भाग निघून जातो व पांढरी भुकटी उरते. पॅरिस शहरांतील माँमार्त्र टेकडींत जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून ह्या भुकटीस ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ हें नांव पडलें. तिला पुन्हा पाणी मिळालें कीं तें ती आपल्यांत सामावून घेते, उष्णता बाहेर टाकते आणि दगडासारखी घट्ट होते. ओल्या पट्ट्या गुंडाळल्यावर माझा पाय उबदार लागूं लागला, तो ह्याच कारणानें. कापडी पट्टीस ही भुकटी चोळून मोडलेल्या हाडाभोंवतीं गुंडाळावयाची, ही पद्धत आंतोनियस मातायसेन ह्या डच लष्करी शस्त्रवैद्यानें १८५२ मध्यें प्रसिद्ध केली. हाड बांधून स्थिर ठेवण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत मोडलेल्या अवयवास आधार देण्याकरितां वेळूच्या कामट्या, तसेंच वड, पिंपळ, उंबर, पळस इत्यादि वृक्षांच्या सालीं सांगितल्या आहेत. हल्लीं फायबरग्लासचें हलकें कवचही मिळतें. माझें साधें, जड प्लास्टरच होतें.

येथें एक गोष्ट मला फार उशिरां समजली. प्लास्टर हाड जोडीत नाहीं. तें केवळ हाडास हलूं देत नाहीं. जोडण्याचें काम शरीर स्वतःच करतें. मोडलेल्या जागीं रक्ताची गुठळी होते, तिच्या ठिकाणीं मऊ सांधा तयार होतो, त्यांत क्षार सांचून तो कठीण होतो, आणि मग कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड सांध्यास मूळच्या हाडाचा आकार देत राहतें. ह्या कामास घाई चालत नाहीं. आमच्या मामांनीं एका हाडवैद्याकडे नेऊन पाय चोळून घेण्याचें सुचविलें होतें. त्यांचें प्रेम मी जाणतों. परंतु ताजें मोडलेलें हाड चोळल्यानें जागेवर असलेलें टोक हलण्याचा धोका असतो, असें डॉक्टरांनीं त्यांस समजावून सांगितलें व त्यांनींही तें मान्य केलें.

आतां तिसऱ्या रात्रीची हकीकत. ती सांगावयास मला संकोच वाटतो, तथापि ह्या लेखांत तिच्याइतकें महत्त्वाचें दुसरें कांहीं नाहीं. पाय उशीवर उंच ठेवून पडावें, असें मला बजावलें होतें. पण दिवसभर मी खुर्चीवर पाय खालीं सोडून वह्या उतरवीत बसलों. रात्रीं दहानंतर वेदना वाढूं लागल्या. गोळी घेतली, तरी उतार पडेना. बोटें बधिर झालीं, आणि अंगठा कोणीं किंचित् मागें ओढला कीं पोटरींत कळ उठे. खोलींतील सोबत्याची दुसऱ्या दिवशीं परीक्षा होती. त्याची झोप कशाला मोडावी, म्हणून दांतओठ खाऊन मी गप्प पडून राहिलों. मध्यरात्रीं तो पाणी पिण्यास उठला, त्यानें दिवा लावला व माझा पाय पाहिला.

“अरे, बोटें निळीं पडलीं आहेत! किती वेळ दुखतें आहे?”

“सकाळीं जाऊं,” मी म्हणालों.

“सकाळ नाहीं नि बिकाळ नाहीं. ऊठ.”

रुग्णालयांत पोंचतांच डॉक्टरांनीं प्लास्टर दोन्ही बाजूंस उभें चिरलें, आंतील कापूसही कापला, आणि अर्ध्या तासांत बोटांना रंग आला. सूज वाढत जाते, पण कठीण कवच वाढत नाहीं. मग आंतील दाबानें स्नायूंचा रक्तपुरवठा तुटूं लागतो, व ही स्थिति कांहीं तास टिकली तर स्नायु कायमचे निकामी होऊं शकतात. डॉक्टर मला रागावले नाहींत. ते सोबत्याकडे वळून म्हणाले, “आपण ह्यांस आणलेंत, हें फार चांगलें केलेंत.” मला मात्र त्या वाक्यानें रागावण्याहून अधिक लाज वाटली. ज्यांच्या घरीं असा रुग्ण असेल त्यांनीं हीं लक्षणें ध्यानांत ठेवावीं: औषधानें न थांबणारी व वाढत जाणारी वेदना, निळीं, पांढरीं वा गार बोटें, बधिरता. ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास उजाडण्याची वाट पाहूं नये.

त्यानंतर मदत मागण्याची माझी भीड बरीचशी मोडली. प्राचार्यांकडे वैद्यकीय दाखल्यासह अर्ज केला. उपस्थिति ७५ टक्के भरली पाहिजे असा नियम होता, आणि आमचा एक वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरत असे. तो वर्ग तळमजल्यावर आणण्यांत आला. हें इतकें सोपें असेल अशी कल्पना नव्हती. मी न मागतां मात्र तें कोणाच्या ध्यानांत आलें नसतें. प्रयोगशाळेंत बसण्यास एक उंच स्टूल मिळालें. सोबती माझी पिशवी उचलीत, आणि मी त्यांस रसायनाच्या स्वच्छ टिपणी उतरवून देत असें. त्यामुळें देण्याघेण्याचा हिशेब थोडासा जुळला.

कुबड्यांची विद्याही शिकावी लागते. कुबडीची वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटें खालीं असावी व भार तळहातांवर द्यावा. काखेवर लोंबकळल्यास तेथील मज्जातंतु दबून हात दुबळा होतो. जिना चढतांना आधीं चांगला पाय वर टाकावा, मग कुबड्या व दुखरा पाय. उतरतांना आधीं कुबड्या व दुखरा पाय, मागून चांगला. ‘चढतां चांगला, उतरतां उणा’ असें मीं मनाशीं घोकून ठेविलें होतें. पावसांत शहाबादी फरशी म्हणजे वैरीण; कुबडीच्या तळाचें रबरी टोपण रोज पुसावें लागे. आणखी एक शोध असा कीं, दोन कुबड्या घेतलेल्या मनुष्यास चहाचा पेला एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेतां येत नाहीं! पाठीवरच्या पिशवींत घट्ट झाकणाची बाटली, हाच त्यावर उपाय. स्नानास स्टूलावर बसून पाय बाहेर काढावा व त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी. आंत खाज सुटते ती मात्र सोसावीच. पट्टी किंवा विणण्याची सुई आंत घालून खाजविल्यास त्वचेस जखम होते व ती दिसतही नाहीं.

पालकांस एक विनंति. मूल दूर असलें कीं त्यास घरीं बोलावून घ्यावें असें वाटणें स्वाभाविक आहे. माझी आई पहिल्या आठवड्यानंतर रोज रात्रीं एकच प्रश्न विचारीत असे: “बोटें हालतात ना रे?” त्या प्रश्नाचा मला फार उपयोग झाला, कारण त्याचें उत्तर देण्याकरितां मला तीं हालवून पाहावीं लागत.

सहाव्या आठवड्याच्या शेवटीं करवतीनें प्लास्टर कापलें. तिचा आवाज भयंकर असतो; परंतु तिचें पातें गरगर फिरत नसून केवळ थरथरतें, म्हणून कठीण प्लास्टर कापलें जातें व मऊ त्वचा सहसा वांचते. आंतून निघालेला पाय माझाच आहे ह्यावर क्षणभर विश्वास बसेना: पोटरी बारीक, त्वचेचे पापुद्रे सुटलेले, घोटा ताठ. तो वळविण्याचा व्यायाम अद्यापि सकाळ-संध्याकाळ चालूं आहे. जिना मी आतां कठड्यास धरून चढतों. कुबड्या भाड्यानें आणल्या होत्या. त्या येत्या रविवारीं परत करावयाच्या आहेत, आणि त्यांचीं रबरी टोपणें पार झिजलीं असल्यामुळें तीं आधीं नवीं बसवून घ्यावीं लागतील.